नऊ नखांची वहिनी

माझ्या वहिनीला नखं नऊच. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नाही आणि आता ते येणारही नाही, कारण मुळासकट गेलंय. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. "अगं, ती नखं करणारी तुझी वहिनी ना, तिचं ते बोट कसं झालं गं?" असं मला भर दुकानात, हातात सामान असताना विचारणाऱ्या बायका आहेत. तिचं काम कसं आहे हे एकीला विचारावंसं वाटत नाही. मी म्हणते, बोट बघायचंय तर जाऊन तिच्यासमोर बसा, ती काही लपवत नाही. पूर्वी लपवायची. ते लपवणं कसं सुटलं तेच मला सांगायचंय, आणि मी सांगत असताना मध्ये कोणी बोललेलं मला खपत नाही.

आम्ही घरात चौघं. आई, भाऊ, वहिनी आणि मी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिलाई मशीन. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, झंपर सैल करणं ही माझी कामं. भाऊ सामान पोचवायची गाडी चालवतो आणि घरात शक्यतो तोंड उघडत नाही, कारण उघडलं की आई नाहीतर मी ते बंद करते. वहिनी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती.

तिथल्या खोकी बंद करायच्या यंत्रात तिचं बोट सापडलं. यंत्रावरचं झाकण तुटलंय, बसवून घ्या, असं ती सुपरवायझरला किती वेळा सांगून दमली होती. त्याने पट्टी बांधून तिला घरी पाठवलं आणि वर म्हणाला, "नशीब समजा. जिवावरचं बोटावर निभावलं." मी तिथे असते तर त्याचं कशावर निभावलं असतं देव जाणे. पण मी नव्हते, आणि वहिनी तेव्हा उलट बोलणारी नव्हती. बोट बरं झाल्यावर ती परत त्याच यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.

फक्त डावी मूठ जी मिटली ती मिटलीच. जेवताना मांडीवर, बोलताना पाठीमागे. बस थांबवायची तर उजवाच हात वर, मग त्या हातात बटाट्यांची पिशवी का असेना, पिशवीसकट वर. एकदा त्यातला बटाटा निसटून एका सभ्य गृहस्थाच्या डोक्यावर पडला होता. आईला यात काही वावगं वाटत नव्हतं. "बरं आहे की," ती म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

वहिनीला ते लागायचं. मला दिसायचं, पण आईपुढे बोलणार कोण? म्हणजे मी बोलायचे, पण आई ऐकायची नाही.

मग एके दिवशी वहिनी बाजारातल्या पार्लरमध्ये गेली. मला न सांगता गेली, याचा राग मला अजून आहे. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की या बोटाला एक नकली नख चिकटवून मिळेल का. पार्लरच्या मॅडमनी बोट बघितलं आणि सांगितलं, "नकली नखाला खाली अस्सल नख लागतं, ताई. नुसत्या कातडीवर ते राहणार नाही." झालं, विषय संपला. माझ्यासारखी असती तर दार आपटून आली असती. ही मात्र तिथल्या खुर्चीवर बसून राहिली. समोर एक मुलगी कोणाची तरी नखं करत होती. आधी घासणं, मग पुसणं, मग कुंचल्याच्या टोकावर मधासारखा दाट जेलचा थेंब घेऊन तो नखाच्या मुळाशी, पण कातडीला न लावता टेकवणं, मग ते घट्ट व्हायला हात दिव्याखाली. वहिनी बघत बसली. घरी यायला तिला इतका उशीर झाला की आईने भावाला शोधायला पिटाळलं.

त्या पार्लरच्या मागच्या खोलीत मॅडम नखांचा छोटा कोर्स घ्यायच्या. दारावर कागद होता. शेवटी बाहेरून परीक्षक येणार, पास होणारीला प्रमाणपत्र, आणि सगळ्यात चांगलं काम करणारीला त्याच पार्लरमध्ये खुर्ची, म्हणजे नोकरी. वहिनी नाव घालूनच आली.

जेवताना तिने सांगितलं आणि आईचा घास हातातच राहिला.

"काय? नखं? जिला स्वतःची धड दहा नखं नाहीत ती लोकांची करणार? टकल्याने कंगवे विकायला बसावं तशातली गत झाली ही!"

वहिनी भाताकडे बघत म्हणाली, "का? टकल्याने विकलेले कंगवे चालत नाहीत का, आई?"

मी इतकी हसले की मला ठसका लागला. भाऊही हसला, पण आईने बघितल्यावर त्याने पाणी प्यायल्यासारखं केलं. लग्न होऊन आल्यापासून वहिनीने आईला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. आई म्हणाली, "बघू. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं असेल तर घे बाई."

सुपरवायझर म्हणाला, कोर्स संपेपर्यंत जागा राखून ठेवतो, त्यानंतर दुसरी बाई घेणार. भावाला ते फार सोयीचं वाटलं. पास झाली तर खुर्ची, नाही तर आहेच पॅकिंग. पण वाळलेले कपडे काढताना वहिनी मला म्हणाली, "तुझ्या दादाला कळत नाही गं. त्या खोक्यांचा वास आला तरी माझं बोट ठणकतं. मला तिथे परत उभं राहायचं नाहीये. काही झालं तरी नाही." तिने एक चादर चारदा घडी घातली आणि चारदा मोडली. मी म्हटलं, "मग नको ना राहूस." मी बोलून मोकळी झाले, पण ते खुर्ची मिळाली तरच होणार होतं, आणि खुर्ची एकच होती.

पहिल्याच दिवशी मॅडमनी तिच्या हातात एक रबरी टोपी ठेवली. नोटा मोजणारे बोटाला घालतात ना, तसली. "ही त्या बोटाला घालत जा," त्या म्हणाल्या, "नखं करून घेणारीची नजर आधी करणारीच्या हातावर जाते. बघून कसंतरी होतं हो."

घरी येऊन तिने मला ते सांगितलं तेव्हा मी मशीनवरून उठले. "आणि तू घातलीस?"

"घातली."

"फेकायचीस तोंडावर!"

"खोली तिची, कोर्स तिचा," वहिनी म्हणाली. "खुर्ची मिळेपर्यंत मला गप्प बसू दे. तूही बस." मी बसले. मला फार जड गेलं.

सुरुवातीला तिला प्लॅस्टिकची बोटं दिली होती सरावाला. ती प्लॅस्टिकची बोटं स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेली बघून आई एकदा किंचाळली होती. प्लॅस्टिकवर हात बसल्यावर माझी पाळी आली. माझ्या हातांची काय दैना झाली म्हणून सांगू! जेल जाड लागलं की दिव्याखाली चटका बसतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ओरडून उभी राहिले आणि दिवाच माझ्या हाताबरोबर वर आला. मग लांब नखांचं प्रकरण. सुईत दोरा ओवता येईना, टाचणी उचलता येईना, एका बाईची चेन बदलताना माझं जांभळं नख चेनीतच अडकलं. बाई म्हणाली, "राहू दे, शोभतंय." वहिनीने मग ते सगळं घासून काढलं, परत लावलं, परत काढलं. घासून घासून माझी नखं कागदासारखी पातळ झाली. गरम कप धरला तरी झोंबायचं. मी बोंब मारायचे आणि परत हात पुढे करायचे.

पण हात बसत गेला तिचा. मला कळत होतं, कारण मीही हातानेच कमावते. आधी कुंचला कापायचा, मग कापेनासा झाला. कडेने कातडीवर जाणारं जेल आता बरोबर केसभर अलीकडे थांबायचं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. डाव्या हाताचं मधलं बोट ती नेहमी सगळ्यात शेवटी घ्यायची. करंगळी झाली, अंगठा झाला, मधलं बोट ओलांडून पुढे जायची आणि मग अगदी शेवटी, नाइलाजाने केल्यासारखं, ते घ्यायची. मी कधी बोलले नाही. मलाही काही गोष्टी न बोलता ठेवता येतात.

परीक्षेला प्रत्येकीने आपापली मॉडेल आणायची होती. मॉडेल म्हणजे जिच्या हातांवर काम करायचं ती. नखं निरोगी हवीत ही अट, म्हणून मी बाद. समोरच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी आनंदाने तयार झाली होती. परीक्षेच्या सकाळी तिची आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत न येता, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आमची नाही येणार हो. वाईट वाटून घेऊ नका, पण तसलं बोट असलेल्या बाईने माझ्या मुलीच्या हाताला हात लावायचा म्हणजे... मला बाई कसंतरीच होतं."

वहिनी दारात उभी होती. तिची मूठ इतकी घट्ट मिटली की मनगटावरच्या शिरा वर आल्या. मी मशीनवरून उठणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. हातात लाटणं होतं. मुद्दाम आणलं होतं असं मी म्हणणार नाही, पण ठेवूनही आली नव्हती.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"अहो, मी आपलं सहज—"

"माझी सून आहे ती! तिला काय बोलायचं ते आम्ही घरातली माणसं बोलू, हवं तेवढं बोलू. तू कोण लागून गेलीस गं? तुझ्या मुलीला अजून स्वतःच्या वेण्या घालता येत नाहीत, आणि म्हणे हात लावायचा नाही! चल, नीघ!"

ती गेली. आई वळली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "कधी निघायचंय? माझी नखं चालतील का?"

मीच म्हटलं, "चालतील."

"मग बघताय काय? मला तयार होऊ दे." असं म्हणून आई आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बराच वेळ लावला. बाहेर आली तेव्हा चांगले कपडे, चापूनचोपून केस आणि हात कसे मऊ, तकतकीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आईला तशी नटलेली बघून माझे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांना काय दिसणार, कपाळ?

मागच्या खोलीत टेबलं मांडलेली. प्रत्येकावर पांढरा टॉवेल, एक दिवा, घासायच्या पट्ट्या, बाटल्या. घशात बसणारा तो उग्र वास. भिंतीशी बाकावर बरोबर आलेली माणसं, आणि त्यांनी बोलायचं नाही असा दम. परीक्षक बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हणाल्या, "दहा नखं, पूर्ण, वेळेत. सुरू करा."

वहिनीने आईचा उजवा हात घेतला. घासलं, पुसलं, कुंचला बुडवला, पहिला थेंब टेकवला. आणि जेल मागे सरकलं. तेलकट ताटलीवर पाणी टाकलं की कसं कडेला पळतं, अगदी तसं. तिने दिव्याखाली धरलं, बाहेर काढलं, काडीने कडेला हलकेच टोचलं. कड उचलली गेली. दुसरं नख केलं. तेही तसंच.

"आई," ती हळूच म्हणाली, "हाताला काय लावलंत?"

"मी? मी कशाला काय लावू?"

"अहो, सांगा ना."

"काही नाही म्हणते ना! तुलाच येत नसेल."

मला त्या क्षणी आतल्या खोलीतली केसांच्या तेलाची बाटली आठवली. सकाळी निघताना तिचं झाकण उघडं होतं. बोलायचं नाही हा नियम गेला खड्ड्यात. "आई, तू तेल चोळलंस ना हातांना?"

सगळी खोली आमच्याकडे वळली. आईचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक निघाला. "थोडंसंच. इतकी वर्षं भांडी घासून हात कसे झालेत. म्हटलं, मोठी बाई बघणार, सुनेचं नाव खराब नको व्हायला."

कोणीतरी फिदकन हसलं. मॅडम लगबगीने आल्या आणि वहिनीच्या कानाशी वाकल्या, पण त्यांचं कुजबुजणं बाकापर्यंत ऐकू येत होतं. "वरून गडद रंग मार. तपासेपर्यंत टिकतील. पुढचं पुढे. खुर्ची तुझीच आहे, घालवू नकोस."

"आणि परवा भाजी निवडताना सुटली की?" वहिनी म्हणाली.

"घरच्याच आहेत ना? काय फरक पडतो?"

वहिनीने मॅडमकडे बघितलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तशी बघताना कधी पाहिली नव्हती. "घरच्या आहेत म्हणूनच," ती म्हणाली. तिने झालेलं सगळं काढून टाकलं, आईला हाताला धरून कोपऱ्यातल्या नळाशी नेलं, साबणाने दोन्ही हात खसाखसा धुतले, पुसले, नखं नव्याने हलकी घासून त्यावर कोरडं करायचं औषध फिरवलं. घड्याळ पुढे चाललेलं. बाकीच्या मुली रंगावर आल्या होत्या.

आणि आता दुसरीच आफत. तिच्या बोटाच्या रबरी टोपीला तेल लागलं होतं. आईचं बोट धरायला गेली की टोपी सटकायची. एकदा सटकली, दोनदा सटकली. तिसऱ्यांदा वहिनीने टोपी ओढून काढली आणि पायाशी असलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग डावा हात आडवा, उघडा, दिव्याच्या उजेडात ठेवला आणि त्या नख नसलेल्या बोटावर आईचं बोट टेकवून कामाला लागली. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

तिचा हात त्या दिवशी जसा चालला तसा चाललेला मी पाहिला नव्हता. उजवा हात झाला. डाव्याची करंगळी, अनामिका, मधलं ओलांडून तर्जनी, अंगठा. सवयीप्रमाणे मधलं शेवटी. आणि तिने कुंचला त्या बोटाकडे नेला तेव्हा परीक्षक बाई म्हणाल्या, "हात वर. वेळ संपला."

बाई टेबलापाशी आल्या. चष्मा वर केला, नखं एकेक करून बघितली. "काम चांगलं आहे. पण नऊच. अपूर्ण." मग त्यांची नजर वहिनीच्या हातावर गेली आणि आवाज मऊ झाला, तो मऊ आवाज मला जास्त लागला. "आणि या हाताने तुम्ही हा व्यवसाय करणार? विचार करा जरा."

वहिनीने हात मागे घेतला नाही. "केलाय विचार," ती म्हणाली.

आई उठून उभी राहिली. "अहो बाई, पाच बोटं कुठे सारखी असतात? ही नऊ नखांवर माझं घर चालवते, ते अपूर्ण वाटलं नाही कधी कोणाला!"

"आई, बसा," वहिनी म्हणाली.

"नाही बसत!"

फेरपरीक्षेला या, असं सांगून बाई पुढे गेल्या. खुर्ची एका हसऱ्या मुलीला मिळाली. घरी येताना बसमध्ये आई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. तिने स्वतःला इतकी नावं ठेवली असतील मनात, की दुसरं कोणी ठेवायची गरज नव्हती.

सुपरवायझरचा फोन लगेच आला. खुर्ची गेल्याचं त्याला कुठून कळलं कोण जाणे, वाईट बातमीला पाय फार. सोमवारपासून या, नाही तर जागा दुसरीला देतो, म्हणाला. भाऊ म्हणाला, "जा की. फेरपरीक्षेपर्यंत तरी. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला?" त्याचंही चुकत नव्हतं, घर चालवायचं होतं. मी काही बोलायच्या आत वहिनीने फोन घेतला.

"माझी जागा देऊन टाका," ती म्हणाली. "आणि त्या यंत्राचं झाकण आधी बसवा. नवीन येईल तिला दहा नखं असतील."

फोन ठेवला आणि ती मटकन खाली बसली. आईने तिला पाणी आणून दिलं. आईने! सुनेला! भाऊ ते बघून चाट पडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एक छोटं टेबल उचलून घेऊन आला. ते माझ्या मशीनच्या शेजारी लागलं. एका खिडकीच्या उजेडात दोघींची कामं. माझ्या दोऱ्यात तिने घासलेल्या नखांची पूड, तिच्या जेलमध्ये माझी सुतं. भांडायला कारण शोधावं लागायचं नाही.

पण खरी कामाला लागली ती आई. अपराध पोटात घेऊन बसणाऱ्यातली ती नव्हे. ती नऊ नखं घेऊन ती बाहेर पडली. डाळिंबी रंगाची, तुकतुकीत. जी भांडी ती घरात घासायची ती आता जिन्याखालच्या सार्वजनिक नळावर नेऊन घासायला लागली, कारण तिथे बायका असतात. काथ्याने घासायची, राखेने घासायची, मुद्दाम जोर लावून. "बघा, सुटतंय का एक तरी? ओढून बघा. ओढा हो, लाजता काय?" मग कोणीतरी विचारायचंच, "आणि हे एक का राहिलं?"

"ते परीक्षेवाल्या बाईंसाठी ठेवलंय," आई म्हणायची. वहिनीने किती वेळा म्हटलं, आई, या, दहावं करून टाकते. आई हात द्यायची नाही.

नळावरच्या बायका आमच्या खिडकीपाशी यायला लागल्या. एक आली, तिने बहिणीला आणलं. कोणी वहिनीच्या बोटाकडे टक लावून बघितलं की वहिनी काम न थांबवता सांगायची, "कारखान्यात राहिलं नख. परत आणायला गेले नाही." बायका आधी गडबडायच्या, मग हसायच्या. एक मात्र बोट दिसल्याबरोबर काहीतरी कारण सांगून उठून गेली. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत जाणार होते. वहिनी म्हणाली, "बस खाली. ज्या बसल्यात त्यांचं बघू दे मला."

नखं वाढली. आईच्या नखांच्या मुळाशी रिकामी चंद्रकोर दिसायला लागली, पण कड एकाही नखाची उचलली नव्हती. तेव्हा आई उठली आणि मला घेऊन थेट पार्लरमध्ये गेली. गल्ल्यावर मॅडमसमोर दोन्ही हात आपटले. "तपासा."

मॅडमनी काडी घेऊन एकेका नखाची कड टोचून बघितली. गिऱ्हाईकं बघत होती. मग म्हणाल्या, "इतके दिवस? भांडी घासून?"

"राखेने," आई म्हणाली. "आणि ही तिने केलीत, जिला तुम्ही टोपी घातलीत."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. पार्लर चालवणाऱ्या होत्या, आणि धंद्याचं त्यांना कळत होतं. संध्याकाळी स्वतः तीन मजले चढून, धापा टाकत आमच्याकडे आल्या. दुसरी खुर्ची टाकते म्हणाल्या, गर्दीला एकटी हसरी पुरत नाही. "फक्त ती टोपी..."

"टोपी नाही," वहिनी म्हणाली.

"अहो, गिऱ्हाईक उठून जाईल."

"जाईल ती जाईल. मी इथे खिडकीत बसूनही करतेच आहे. तिथे आले तर अशीच येईन." आणि तिने डावा हात टेबलावर ठेवला, तळवा खाली, पाचही बोटं पसरून. मॅडमनी हाताकडे बघितलं, खिडकीपाशी ताटकळत बसलेल्या दोघींकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं बाई. पण प्रमाणपत्र हवं. भिंतीवर लावावं लागतं."

फेरपरीक्षेला मॉडेल आईच. सकाळपासून तिने भांड्यांच्या साबणाने हात धुतले होते, ते खरखरीत झाले होते आणि तेलाची बाटली तिने स्वतः शेजारच्या घरात ठेवायला दिली होती. परीक्षक बाई त्याच. चष्मा तोच. मी बाकावर तिथेच बसले.

वहिनीने जुनं सगळं काढलं, नखं तयार केली. आईचा डावा हात घेतला. आणि करंगळी सोडून, अंगठा सोडून, सगळ्यात आधी मधलं बोट धरलं. आपल्या त्या गुळगुळीत बोटावर ते टेकवलं, आणि थेंब ठेवला. मी टाळी वाजवणार होते, पण बाकावरच्यांनी आवाज करायचा नाही.

दहाही नखं झाली तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होता. बाईंनी नखं बघितली, मग वहिनीचा डावा हात हातात घेऊन उलटा केला. "कशात गेलं?"

"खोकी बंद करायच्या यंत्रात. झाकण नव्हतं."

बाईंनी सही केली.

बाहेर आलो. आई रस्त्यात उभी राहून दहा नखांकडे नाराजीने बघत होती. "मला नऊच बरी होती. नऊ असताना लोक विचारायचे तरी!"

"एक काढून देऊ का, आई?" वहिनी म्हणाली. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो हात तिथेच ठेवला.

प्रमाणपत्र आईने छातीशी धरलेलं. दिवा, बाटल्या, टॉवेल, सगळं सामान भरलेली जड पिशवी वहिनीच्या उजव्या हातात. समोरून बस आली, ड्रायव्हर काही थांबायच्या बेतात दिसेना. मी ओरडणार, तेवढ्यात वहिनी रस्त्यावर दोन पावलं पुढे गेली आणि तिने डावा हात वर केला. उंच, सरळ, पाचही बोटं उघडी.

बस थांबली. न थांबून सांगते कोणाला!